मोठ्याने दिलेलं मत

एका माणसाचं नाव मी नोकरीत असताना जवळजवळ रोज घेत होतो, आणि तो कोण हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या काउंटीतल्या एका लांबलचक रस्त्याला त्याचं नाव आहे आणि तो रस्ता माझ्याकडे होता. हिवाळ्यात त्यावर मीठ टाकायचं, बर्फ वितळला की खड्डे बुजवायचे, उन्हाळ्यात डांबर घालायचं, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्या साफ ठेवायच्या. फोनवर, मीटिंगमध्ये, तक्रारींमध्ये सारखं ते नाव. मी कोल्हापूरहून इथे आलो तेव्हा मला ते नीट उच्चारता यायचं नाही. पुढे इतकं सवयीचं झालं की ते एखाद्या माणसाचं नाव आहे हेच विसरायला झालं.

एकदा त्या रस्त्यावरची एक मोरी बदलायची होती. नेहमीपेक्षा खोल खणावं लागलं. डांबराखाली खडी, खडीखाली माती आणि मातीखाली ओंडके निघाले. सीडरचे सबंध ओंडके, एकाला एक लावून आडवे टाकलेले, ओलीत राहून काळे पडलेले. कुजलेले मात्र नव्हते. फोरमन म्हणाला, हा पहिला रस्ता. दलदलीतून घोडागाडी जावी म्हणून कुणीतरी जंगल तोडून ही झाडं इथे अंथरली होती. मी खड्ड्यात उतरलो आणि एका ओंडक्यावर हात ठेवला. कुऱ्हाडीचे घाव अजून हाताला लागत होते. मी आयुष्यभर रस्तेच केले, पण त्या दिवशी रस्ता म्हणजे काय ते पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं. मग आम्ही काँक्रीटचा पाइप घातला आणि सगळं पुन्हा बुजवलं.

रिटायर झाल्यावर काही महिने मी घरात बसून हिला इतकं हैराण केलं, की शेवटी हिनेच माझ्यासाठी काम शोधलं. आम्ही लंडनला राहतो. इथे आमच्यात लंडन म्हटलं की कॅनडातलं, ओंटारिओतलंच. तिथून थोड्या अंतरावर एक लहानसं गाव आहे आणि गावात एक जुनं दगडी घर. त्या घराचं म्युझियम केलंय. तिथे व्हॉलंटियर हवे होते. पन्हळी गळताहेत का बघणं, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालणं, आलेल्या लोकांना घर दाखवणं, असलं काम. मी पहिल्या दिवशी गेलो तर दारावर तेच नाव. माझ्या रस्त्याचं.

घर त्याचंच होतं. आतल्या खोलीत त्याचा एक फोटो आहे. लांब चेहरा, पांढरे कल्ले, हनुवटी साफ. नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. त्याचं नाव इथे देत नाही. त्याला आपण आमदार म्हणू, कारण तो होताच तसा. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी इथे जी ब्रिटिश वसाहत होती, तिच्या विधानसभेत इथल्या भागाचा प्रतिनिधी.

म्युझियम चालवणाऱ्या बाई शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. गावात सगळे त्यांना वचकून असत, मीही. दरवर्षी ऑगस्टमधल्या लाँग वीकेंडला घरामागच्या मैदानात त्या आमदारावर एक नाटक बसवायच्या. काम करणारा माणूस ठरलेला होता. त्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. शिक्षिका दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुमची उंची बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

मी हसलो. "आणि रंग? आणि माझं इंग्रजी? मी तोंड उघडलं की लोकांना कळतं मी कुठला ते."

"तो स्कॉटलंडहून आला होता. त्याचं बोलणंही इथे कुणाला धड कळत नसे. तशी तक्रार छापून आलेली आहे."

मी घरी येऊन हिला सांगितलं. ही आधी खूप हसली. मग तिने विचारलं, "म्हणजे आपल्यावर राज्य करणाऱ्यांच्यातलाच ना हा?"

"त्यांच्यातलाच. पण तिकडून पोट भरायला इकडे आलेला."

"अहो, पण त्याला दाढी होती का?"

"कल्ले होते."

"मग लावा. डोक्यावर उगवत नाही तर गालावर तरी येऊ दे."

त्या उन्हाळ्यात मी त्याची कारकीर्द वाचून काढली. शिक्षिकेने जुन्या वर्तमानपत्रांच्या झेरॉक्स दिल्या होत्या. मी बॅकयार्डमध्ये मेपलखाली खुर्ची टाकून बसायचो आणि ही आतून हाका मारायची, जेवायचं आहे की नाही.

तो आईबापांबरोबर पोरवयात आला. बाप जहाजावर तापाने गेला. त्याने झाडं तोडली, बुंधे जाळले, साबण करणाऱ्यांना राख विकली. ओढ्यावर लाकूड कापायची गिरणी घातली, मग पिठाची. शेतकऱ्यांचा गहू गिरणीत यायचा खरा, पण येताना दलदलीत बैल रुतायचे. त्यातून त्याला रस्त्याचं वेड लागलं. रस्त्यासाठी तो गावाच्या पंचायतीत गेला, तिचा प्रमुख झाला, आणि तिथून विधानसभेत. त्याच्या पहिल्या काही वर्षांची भाषणं वाचली तर दुसरा विषयच नाही. रस्ता, पूल, मोरी. मला हसू यायचं. मी काउंटीच्या मीटिंगमध्ये जे बोलायचो तेच हा बोलत होता.

तेव्हा राजधानी एका जागी टिकत नसे. ओटावाचं नक्की व्हायला अजून अवकाश होता. अधिवेशन कधी या शहरात, कधी त्या शहरात. आमदार घरून निघायचा तो घोडागाडीने, मग आगबोटीने, हिवाळा असेल तर गोठलेल्या नदीवरून स्लेजमधून, अंगावर बायसनचं केसाळ कातडं पांघरून. पोचायला कित्येक दिवस. हे सगळं एका पुलाला मंजुरी मिळावी म्हणून. मी विंटर टायर लावूनही जानेवारीत शंभर किलोमीटर जायचं तर फोन करून उद्यावर ढकलणारा माणूस. मी ते वाचताना कागद खाली ठेवून समोर बघत बसायचो.

मग त्याच्या भाषणांत एकदम दुसराच विषय आला.

गावाच्या दक्षिणेला काही कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती होती. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळून, सरहद्द ओलांडून आलेली माणसं. त्यांनी जमिनी घेतल्या, जंगल तोडलं, कर भरला. ज्याची जमीन आहे अशा त्यांच्यातल्या प्रत्येक पुरुषाला मताचा अधिकार होता. पण त्यांची मुलं गावच्या शाळेत आली की शाळा दार लावून घ्यायची. वेगळी शाळा काढण्याची सोय कायद्यात होती, आणि ती सोय दाखवून त्यांना बाहेर ठेवलं जायचं. वेगळी शाळा तर कुणी काढत नव्हतं. आमदार विधानसभेत उभा राहिला आणि म्हणाला की हे कलम काढून टाका. रस्त्याबद्दल तासभर बोलणारा माणूस त्या दिवशी थोडंच बोलला असावा, कारण बातमी चार ओळींची आहे. पण त्या चार ओळी गावात पोचल्या आणि गाव पेटलं. गिरणीवर बहिष्कार पडला. पुढच्या निवडणुकीत तो पडणार हे लहान मुलालाही कळत होतं. शब्द मागे घे, असं त्याला चर्चमध्ये, बाजारात सगळ्यांनी सांगितलं. त्याने घेतले नाहीत. उभा राहिला आणि पडला.

नाटक त्या निवडणुकीचंच होतं.

तालमी सुरू झाल्या तसा एक प्रश्न मला टोचायला लागला. मी एकदा शिक्षिकेला विचारलं, "गिरणीची जमीन आधी कुणाची होती?"

"मूळ रहिवाशांची. आणि त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीतून आणखी विकायला काढायची, याच्या बाजूने त्याने मत दिलं होतं."

"त्यानेच?"

"त्यानेच. शाळेच्या भाषणाच्या आधी. नाटकात ते नाही."

त्या दिवशी गाडी चालवत घरी येताना माझं लक्ष रस्त्याकडे नव्हतं. मला तो माणूस आवडायला लागला होता, आणि आता फोटोतली ती बाजूला वळलेली नजर आठवत होती. शाळेच्या दाराशी जे दिसलं ते जमिनीच्या बाबतीत का दिसलं नाही? दुसऱ्या दिवशी मी शिक्षिकेला म्हटलं, एक वाक्य तरी घाला, मी माझ्या तोंडाने म्हणतो. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि दोन घातली.

त्या काळी मत कसं द्यायचे ते मला तालमीतच कळलं. मोकळ्या मैदानात एक लाकडी मंच. मंचावर अधिकारी, कारकून आणि दोन्ही उमेदवार समोरासमोर. मतदाराने पायऱ्या चढून वर यायचं, सगळ्या गावादेखत आपलं नाव आणि आपली जमीन कुठली ते सांगायचं, आणि मग आपलं मत कुणाला ते मोठ्याने बोलायचं. खाली गर्दी असायची, त्यात दारू प्यायलेले, काठ्या घेतलेले. आवडलं तर जयजयकार, नाही आवडलं तर शिव्या, कधी मार. ज्याला मत मिळालं त्या उमेदवाराने हॅट काढून तिथल्या तिथे आभार मानायचे. ज्याच्या दुकानातून तुम्ही उधारीवर सामान आणता, ज्याच्या शेतात राबता, तो खाली उभा राहून ऐकतोय. मी इतकी वर्षं पुठ्ठ्याच्या आडोशाला उभा राहून पेन्सिलीने फुली मारत आलो. कुणाला मारली ते हिलासुद्धा कधी सांगितलं नाही.

नाटकाच्या दिवशी कडक ऊन होतं. अंगात लोकरी कोट, गळ्याला घट्ट बांधलेला रुमाल, डोक्यावर उंच हॅट. कल्ले हिने सकाळी चिकटवून दिले होते, ते घामाने सुटायला लागले होते. मैदानात घडीच्या खुर्च्या, पहिल्या रांगेत आमची ही, छत्री उघडून. मी माझं भाषण केलं. जमिनीबद्दलची दोन वाक्यं म्हणताना खुर्च्या करकरल्या, कुणी खोकलं. मग मतदान सुरू झालं.

मतदारांचं काम गावातलेच लोक करत होते. एकेक जण वर यायचा आणि प्रतिस्पर्ध्याचं नाव ओरडून सांगायचा. प्रतिस्पर्धी म्हणजे गावातला औषधाच्या दुकानाचा मालक. तो दरवेळी हॅट काढून खुशीत वाकायचा. सगळं ठरलेलं, पाठ केलेलं. तरीही सांगतो, समोर येऊन माझ्या डोळ्यांत बघून लोक दुसऱ्याचं नाव घ्यायला लागले तसं मला ते खरंच झोंबत गेलं. हे लोक माझ्या ओळखीचे होते. एकाच्या घरासमोरची मोरी मी स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतली होती. खालून हुर्यो व्हायला लागली. आधी गंमत म्हणून होती, मग लोकांना ती आवडायला लागली आणि आवाज वाढला. तो खरा माणूस इथे असाच उभा होता, आणि त्याच्या समोरचं नाटक नव्हतं.

ठरलेली मतं संपली. कारकून उठणार तेवढ्यात मागच्या रांगेतून एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई उठल्या. ऐंशीच्या पुढच्या. निळा ड्रेस, पांढरी हॅट, हातात काठी. त्या हळूहळू मधल्या वाटेने पुढे आल्या. मी शिक्षिकेकडे पाहिलं. त्यांचा चेहरा सांगत होता की हे त्यांच्या नाटकात नाही. हुर्यो करणारे गप्प झाले. कुणीतरी हात द्यायला पुढे आलं, बाईंनी मानेनेच नको म्हटलं आणि एकेक पायरी चढून वर आल्या.

कारकून गोंधळला. पण वाक्य त्याला पाठ होतं. "तुमचं नाव आणि जमीन?"

बाईंनी एका पुरुषाचं नाव सांगितलं. पहिलं, मधलं, आडनाव. मग जमीन कुठल्या रस्त्याला, कितवा तुकडा, ते सांगितलं. त्यांचा आवाज म्हातारा होता, पण चर्चमध्ये गाणाऱ्या माणसाचा होता. मैदानाच्या टोकापर्यंत गेला असेल. "हे माझ्या पणजोबांचे वडील," त्या म्हणाल्या. "ते याच पायऱ्या चढले होते. आज त्यांच्या वतीने मी."

"मत कुणाला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आमदाराचं नाव घेतलं. नोकरीभर ते नाव मी ऐकत आलो होतो. अशा आवाजात कधी ऐकलं नव्हतं.

पलीकडच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला तो सगळ्यांना ऐकू आला. मला त्या क्षणी तो माणूस दिसला. काठ्या घेतलेल्या गर्दीतून चालत येणारा, जिथून पळून आलो तिथे आपलं नाव घ्यायचाही हक्क नव्हता हे माहीत असणारा, आणि इथे सगळ्यांना ऐकू जाईल असं आपलं नाव सांगणारा. पडणाऱ्या उमेदवाराला मत द्यायला आलेला.

मी हॅट काढली. वाक्य साधं होतं, मी आपला आभारी आहे, महाशय. ते तोंडातून बाहेर पडेना. बाई किंचित पुढे वाकल्या आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "तुमचं वाक्य राहिलंय."

मी म्हटलं. महाशयच म्हटलं. कुणी हसलं नाही. पुढे मी काय केलं ते मला आठवत नाही. ही सांगते की मी नमस्कार केला, चांगले दोन्ही हात जोडून.

नंतर चर्चच्या बेसमेंटमध्ये लेमोनेड आणि बटर टार्ट होते. बाई एका कोपऱ्यात बसल्या होत्या. ही आधीच त्यांच्याशेजारी जाऊन बसली होती आणि त्यांच्या प्लेटमध्ये काहीबाही वाढत होती. मी कल्ले काढून तिथे गेलो. शिक्षिकाही खुर्ची ओढून आल्या.

"तुम्ही चांगलं काम केलंत," बाई मला म्हणाल्या. "पण तुमच्या नाटकात त्याला आपोआप शहाणपण येतं."

"म्हणजे?" शिक्षिकेने विचारलं.

"आमच्या घरात हे असं सांगत नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या त्या पूर्वजाची एक मुलगी होती. तिला शाळेच्या दारातून परत पाठवलं. तो तिला तसंच हाताला धरून गिरणीत घेऊन गेला. आमदार पिठाने पांढरा होऊन उभा होता, आसपास शेतकरी होते. पूर्वज त्याला म्हणाला, शाळेचा कर माझ्याकडूनही घेतात. तर मला सांगा, ही कुठे बसायची? आमदार काही बोलला नाही. पूर्वज उत्तराची वाट बघत उभा राहिला. गिरणी चालूच होती. आमदार शेवटपर्यंत काही बोलला नाही, आणि बाप मुलीला घेऊन घरी गेला. बरेच दिवस काही झालं नाही. घरच्यांना वाटलं, झालं, हाही तसलाच. मग एक दिवस बातमी आली की तो विधानसभेत उभा राहिला.

"माझी आजी म्हणायची, त्याने उत्तर द्यायला फार वेळ घेतला," बाई म्हणाल्या. "पण दिलं."

"आणि ती मुलगी?" हिने विचारलं.

"त्या शाळेत ती कधीच बसली नाही. चर्चमध्ये शिकली. पुढे दुसऱ्या गावी जाऊन शिक्षिका झाली. घरात तिची पाटी बरीच वर्षं होती, मग एका बिऱ्हाड बदलण्यात हरवली."

आमदार त्या पराभवानंतर पुन्हा एकदा उभा राहिला होता, हे मला माहीत होतं. तेव्हाही त्याने शाळेचे शब्द मागे घेतले नाहीत आणि तेव्हाही पडला. उरलेलं आयुष्य त्याने गिरणी आणि रस्ते बघण्यात घालवलं. रस्त्याला त्याचं नाव दिलं ते तो गेल्यावर खूप वर्षांनी, तो कशावरून पडला हे लोक विसरल्यावर. मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या रस्त्याने आम्ही चर्चला जातो. हल्ली खड्डे फार झालेत." मी रिटायर झालोय असं मी म्हटलं, तर ही आणि त्या दोघी हसल्या.

शिक्षिका मात्र वहीत लिहून घेत होत्या. हिवाळ्यात त्यांनी नाटक पुन्हा लिहिलं. लिहिताना त्या दर आठवड्याला बाईंच्या घरी जायच्या, कधीकधी मी त्यांना गाडीने सोडायचो. बाहेर बर्फ शोव्हल करायचं निमित्त काढून मी ड्राइव्हवेवर रेंगाळायचो, म्हणजे आतलं बोलणं खिडकीतून कानावर पडेल. नव्या नाटकाची सुरुवात गिरणीत होते. पूर्वजाचं काम स्वतः बाईंनी करायचं ठरलं. "मला त्याचं नाव नीट उच्चारता येतं," एवढंच त्यांनी कारण दिलं.

पुढच्या ऑगस्टला मी अंगाला पीठ फासून मंचावर उभा होतो. बाई पुरुषी हॅट घालून आल्या, एका हातात काठी, दुसरा हात वस्तीतल्या एका लहान मुलीच्या खांद्यावर. त्यांनी प्रश्न विचारला. ही कुठे बसायची? त्यानंतर मला वाक्य नव्हतं. शिक्षिकेने सांगून ठेवलं होतं की बाई पाठ फिरवेपर्यंत तुम्ही फक्त उभं राहायचं.

तालमीत त्या लगेच वळायच्या. त्या दिवशी वळल्या नाहीत. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, त्या माझ्याकडे. मुलगीही मान वर करून बघत होती. माझ्या ओठांवरचं पीठ कोरडं पडत चाललं होतं. प्रेक्षकांत एकही खुर्ची वाजली नाही. नंतर ही मला म्हणाली की तिला वाटत होतं, आता तुम्ही काहीतरी बोलाल, निदान मराठीत तरी. मलाही तसं वाटत होतं. मग बाईंनी मुलीला हळूच वळवलं आणि दोघी पायऱ्या उतरून उन्हात गेल्या.